गुणवंतांची यादी करताना

जूनमध्ये नाशिकच्या कॉलेज रोडवर झाडांपेक्षा चेहरे जास्त दिसतात. नीट, जेईई, सीईटी, दहावी, बारावी. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर पासपोर्ट आकाराचे फोटो, फोटोखाली पर्सेंटाइल, आणि सगळ्या मुलांनी मिळून जेवढी जागा घेतली तेवढीच एकट्याने अडवून, हाताची घडी घालून उभे असलेले खुद्द सर. त्या मुलांचं मला कौतुकच आहे. गुण काही फुकट मिळत नाहीत. पण माझे विद्यार्थी त्या फ्लेक्सवर कधी आले नाहीत आणि येणारही नाहीत. त्यांचा निकाल लागतो तेव्हा त्यातले निम्मे ड्यूटीवर असतात आणि उरलेल्यांना तो लागल्याचं चार दिवसांनी कळतं.

मी आठवडाभर एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि रविवारी त्याच इमारतीत भरणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवायला जाते. बेंच तेच, फळा तोच, पंख्याची कुरकुर तीच. शनिवारपर्यंत जिथे अठरा वर्षांची पोरं मांडीवर मोबाइल धरून बसलेली असतात, तिथे रविवारी सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून आलेला फिटर डोळे ताणून बसतो. त्याच्या शेजारी होमगार्ड. पलीकडे पंचवटीत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई, दिंडोरीकडची अंगणवाडी सेविका, गिरणाऱ्याकडून येणारी द्राक्षबागेतल्या टोळीची मुकादम, आणि पहिल्या बाकावर प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. नाशिकमध्ये नुसतं 'प्रेस' म्हटलं की नाशिकरोडचा नोटांचा छापखाना समजायचा. काकांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, या वयात बी.ए. कशासाठी? तर म्हणाले, "जन्मभर गव्हर्नरच्या सहीचे कागद छापले मॅडम. आता कुलगुरूंच्या सहीचा एक पाहिजे."

रविवारी सकाळी अख्खं नाशिक मिसळ खायला बाहेर पडतं. ही मंडळी तेव्हा 'भारतीय राज्यघटनेची वैशिष्ट्ये' घेऊन बसलेली असतात. त्याचं मला दर रविवारी नवल वाटतं, कारण मला स्वतःला मिसळीकडे जावंसं वाटत असतं.

या लोकांचं कौतुक कसं करायचं, हा प्रश्न माझ्याकडे आला तो मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे. मराठी शिकवणाऱ्याला सूत्रसंचालन येतंच, असा महाराष्ट्रात अलिखित नियम आहे. केंद्राचा वार्षिक गुणगौरव समारंभ जवळ आला की केंद्रसंयोजक सर माझ्याकडे कोऱ्या कागदांची फाइल सरकवतात आणि म्हणतात, "तुमच्या पद्धतीने होऊ द्या." माझी पद्धत म्हणजे मागच्या वर्षीचीच पद्धत. दीपप्रज्वलन, त्यासाठी पंखे बंद. ईशस्तवन. स्वागतगीत. पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. मग अध्यक्षांना शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. मग ज्यांची नावं घेतली नाहीत तर वर्षभर बोलणार नाहीत अशा चार-पाच जणांना नुसतं गुलाबपुष्प. प्रास्ताविक. अशा प्रकारे कार्यक्रम विद्यार्थ्यांचा आणि पहिला पाऊण तास सत्कार बाकीच्यांचे. मागच्या रांगेत पेठ आणि हरसूलकडून आलेली माणसं घड्याळाकडे बघत असतात. त्यांना टाळ्यांची घाई नसते, एसटीची असते.

मग यादी. प्रत्येक अभ्यासक्रमात केंद्रातून पहिले तीन. ही यादी करायला अक्कल लागत नाही, गुणपत्रकं उतरत्या क्रमाने लावली की झालं. त्यात येतं कोण? बहुतेकदा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं. गावाकडून येऊन नाशिकमध्ये खोली घेतलेली, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी, पदवीचा कागद हवा पण रोज कॉलेजात हजेरी लावायला वेळ नाही म्हणून इकडे आलेली. हुशार मुलं. इतिहास, राज्यशास्त्र त्यांचं आधीच पाठ असतं. त्यांनी पहिलं यावं यात काही गैर नाही. फक्त त्या यादीत बुद्धी किती मोजली जाते आणि मोकळा वेळ किती, हे मला अजून सोडवता आलेलं नाही. तीन वर्षांच्या पदवीला पाच वर्षं घेणारी अंगणवाडी सेविका मधल्या रांगेत बसून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवते. तिचं कौतुक कुठल्या रकान्यात बसत नाही. रकानाच नाही.

खरं तर अशी शिक्षणाची जागा पहिला नंबर शोधायला उभी राहिलीच नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तिथे आधी अक्षरं द्यायची होती. अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली सुरू झालं ते सहा विद्यार्थ्यांवर. सहा जणांत पहिला, दुसरा, तिसरा काढायचा म्हटलं तर अर्धा वर्ग व्यासपीठावर आणि अर्धा खाली. आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज या नावाने पहिलं महाविद्यालय १९९५ साली पाँडिचेरीत निघालं, पुढे २०१३च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजनाही आणली. नाशिककरांना मात्र त्या नावाची गरज फारशी भासली नाही, कारण आमच्याकडे त्याआधीच गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारात मुक्त विद्यापीठ उभं होतं. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली लोकसभेवर गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. त्यांच्या नावाचं विद्यापीठ १९८९ साली नाशिकलाच आलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. दहावी-बारावीचा कागदच नाही अशांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला आणि शाळा अर्ध्यात सुटलेली माणसं त्या वाटेने पदवीपर्यंत आली. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातही अभ्यासकेंद्र आहे. तिथला पदवीधर कुठल्या फ्लेक्सवर यायचा नाही, आणि त्यालाही ते नकोच असेल.

माझी एक भाची अमेरिकेत असते. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात हिशेबनिसाचा अभ्यासक्रम केला आणि पदवीदानाचं चित्रण मला पाठवलं. मी ते सूत्रसंचालकाच्या नजरेने पाहिलं. भाषणं आटोपशीर होती आणि नावं संपता संपत नव्हती. पास झालेल्या प्रत्येकाचं नाव, एकेकाचं, पूर्ण. मध्येच प्रेक्षकांतून कुणी आईला हाक मारतंय, कुणी शिट्टी घालतंय, आणि व्यासपीठावरच्या कुणाला त्याचं वावडं नाही. आमच्याकडे शिट्टी वाजली असती तर सरांनी मला माइकवरून समज द्यायला लावली असती.

मी ते सरांना दाखवलं. सर भले आहेत, पण त्यांना वेळेची धास्ती. म्हणाले, "सगळ्यांची नावं घ्यायची तर वेळ कुठून आणायचा?" मी म्हटलं, गुलाबपुष्पांतून. हा विनोद त्यांना कळायला थोडा वेळ लागला, पण कळला. त्या वर्षी एकच पाहुणे बोलावले, सत्कार एकच ठेवला, आणि पास झालेल्या सगळ्यांची नावं घ्यायची ठरली. पहिले तीनही राहू दिले.

मग माझ्या डोक्यात आलं की नुसती नावं वाचण्यापेक्षा प्रत्येकाबद्दल एखादी ओळ बोलावी. वर्गात चिठ्ठ्या वाटल्या: 'तुमच्याबद्दल काय सांगू?' बऱ्याच चिठ्ठ्यांवर 'सर्व गुरुजनांचे आभार' एवढंच आलं. काहींनी घरातल्या माणसांची नावं लिहिली. होमगार्डने लिहिलं की तो बंदोबस्ताच्या ठिकाणी टोपीत चिटोरी ठेवून सनावळ्या पाठ करायचा. त्याचा एक भाऊबंद २०१५च्या सिंहस्थात बंदोबस्ताला होता, रविवारचे सगळे तास, म्हणजे संपर्कसत्रं, बुडाली म्हणून त्याने शिक्षण सोडलं. 'माझं तसं होऊ द्यायचं नव्हतं,' असंही खाली होतं.

आणि गिरणाऱ्याच्या मुकादमबाईंची चिठ्ठी. मोठ्या, सुट्या अक्षरांत: 'माझ्या घरची परिस्थिती सांगू नये. मार्क सांगावेत.'

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. त्या स्पष्टच बोलल्या. "मॅडम, परिस्थिती सगळ्यांचीच हाये. या वर्गात कोणाचा बाप मालदार हाये? पण अर्थशास्त्राला बासष्ट मार्क माझेच हायेत ना?"

पेपरांत दर वर्षी निकालानंतर ज्या बातम्या येतात, त्या आठवा. कुणी भाजी विकून, कुणी धुणीभांडी करून, कुणी रिक्षा चालवून. मथळ्यात धंदा आधी येतो, नाव मागून, आणि अभ्यास कसा केला ते तर येतच नाही. आम्हा सूत्रसंचालकांचा लाडका शब्द 'प्रतिकूल परिस्थितीवर मात'. तो उच्चारला की सभागृहात चुकचुकाट होतो, पाहुणे मान डोलावतात, आणि व्यासपीठावरचं माणूस जमिनीकडे बघायला लागतं. ज्याची सुटका करून घ्यायला ते इथवर आलं, तेच आपण माइकवरून सगळ्यांना सांगत असतो. सत्कार घ्यायचा तर आधी आपलं दारिद्र्य सभेत मांडून दाखवायचं, असा हा सौदा. नंबरांच्या यादीत निदान एक सोय आहे, तिथे कुणी कुणाची कीव करत नाही. मुकादमबाईंना बासष्ट मार्क हवे होते ते त्यासाठी.

पण बासष्ट हा आकडा ऐकून सभागृहातल्या कुणाला काय कळणार? अभ्यासिकेतल्या पोरांना ऐंशी होते. म्हणून मी त्यांना विचारलं, परिस्थिती राहू द्या, पण अर्थशास्त्र केलं कसं ते सांगा. आणि मग त्या अर्धा तास बोलत राहिल्या. बस गेली, दुसरी आली.

द्राक्षाचा हंगाम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी होते, त्यानंतर घड धरले की थिनिंग, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे. हे काम हाताचंच, डोळ्यांचंच, आणि सगळ्या बागांत साधारण एकाच वेळी येतं. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून मजुरांच्या टोळ्या उतरतात, गिरणारे नाक्यावर सकाळी त्यांचा बाजार भरतो. जानेवारी ते एप्रिल तोडणी. म्हणजे विद्यापीठाची परीक्षा मे-जूनमध्ये येते ती त्यांच्या सोयीचीच, पण अभ्यासाचे सगळे महिने नेमके कामाचे. पुस्तक घेऊन बसणं शक्य नव्हतं. मग बाईंनी काय करावं? सकाळी निघायच्या आधी एक पान वाचायचं, आणि दिवसभर वेलीखाली काम करता करता ते पान टोळीतल्या बायकांना सांगायचं. मागणी आणि पुरवठा सांगायला वेळ लागला नाही. ऐन थिनिंगच्या आठवड्यात सगळे बागाईतदार एकदम मजूर शोधत येतात तेव्हा मजुरी वाढवून मागायची असते, हे त्या बायका पुस्तकाच्या आधीपासून करत होत्या. अडलं ते मागणीच्या लवचीकतेपाशी, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते त्यापाशी. तीन दिवस कुणाला कळेना, त्यांना स्वतःलाही. शेवटी टोळीतलीच एक जण म्हणाली, म्हणजे मीठ महागलं तरी घेतोच आपण, लुगडं पुढच्या वर्षावर ढकलतो, तसं का? बाईंनी ते तसंच्या तसं उत्तरपत्रिकेत लिहिलं. आलेख मातीत काडीने काढून बघितला होता, तो परीक्षेत सरळ आला.

मी कितीतरी वर्षं शिकवते आहे. कुणी तरी आपल्याला समजावून सांगावं म्हणून विद्यार्थी येतात, आणि ही बाई स्वतःला समजावं म्हणून दुसऱ्यांना शिकवत होती. यातलं काहीही 'परिस्थिती' नव्हतं. ही अभ्यासाची रीत होती, आणि माझ्या नेहमीच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना ती माहीत नाही.

समारंभात मी त्यांच्याबद्दल सांगितलं ते एवढंच: अर्थशास्त्रात बासष्ट गुण, आणि मागणीची लवचीकता मीठ आणि लुगड्याच्या उदाहरणाने लिहिली. वेलीखाली कोण, कुठे, किती रोजावर, यातला एक शब्द नाही. सभागृहातल्या अर्थशास्त्राच्या सरांनी मोठ्याने 'वा' म्हटलं. बाई हसल्या, पण पाहुण्यांकडे बघून नाही. त्या दाराशी उभ्या असलेल्या तिघीचौघींकडे बघत होत्या.

तेव्हापासून मी चिठ्ठीवरचा प्रश्नच बदलला. 'कसं केलं?' असं विचारते. या प्रश्नाला लोक इतकं नेमकं लिहितात की बरेचदा कापावं लागतं. सातपूरच्या फिटरचं बघा. पहिल्या वर्षी त्याची उत्तरं वाचून मला हसू आवरत नसे. १८५७च्या उठावाची कारणं, दहा गुण. त्याचं उत्तर: 'असंतोष होता. तो वाढला. उठाव झाला.' चूक काय त्यात? काहीच नाही. कारखान्यात शिफ्ट संपताना जो अहवाल लिहायचा असतो तो असाच असतो: मशीन बंद पडली, बेअरिंग बदललं, चालू केली. तिथे पानभर लिहिणाऱ्याला सुपरवायझर वेड्यात काढेल. त्याला लांब लिहायला शिकायचं होतं, आणि लांब म्हणजे पाल्हाळ नव्हे हेही शिकायचं होतं. दर रविवारी तो एका कारणाला 'म्हणजे काय' आणि 'मग काय झालं' असे दोन प्रश्न विचारून आणायचा. शेवटच्या वर्षी त्याचं उत्तर पान उलटून पुढे गेलं तेव्हा त्याने ते मला लांबूनच उंच धरून दाखवलं. समारंभात हे सांगितलं तर त्याच्या कारखान्यातले दोघे मित्र एवढे हसले की त्यांना बाहेर जावं लागलं. पण त्या हसण्यात कीव नव्हती, आणि तो स्वतःही हसत होता.

सगळ्यांची नावं पूर्ण वाचायची ठरली त्यातून आणखी एक गोष्ट निघाली, तिचा मी विचार केला नव्हता. पदवी कागदपत्रांप्रमाणे मिळते. बऱ्याच बायकांची दहावी लग्नाआधीची, त्यामुळे नाव माहेरचं, मध्ये वडिलांचं. ज्या बाईला सासरी येऊन पंधरा-वीस वर्षं झाली, रेशनकार्डापासून बचत गटापर्यंत जिचं नाव वेगळंच आहे, तिला मी माइकवरून तिच्या वडिलांच्या नावाने पुकारते. सासरकडची माणसं एकमेकांकडे बघतात, ही कोण? ती बाई मात्र पहिल्याच अक्षराला उठलेली असते. पोळीभाजी केंद्रवाल्या ताईंच्या वेळी तर त्यांचे वडील चांदवडकडून आले होते. पांढरं धोतर, टोपी, मागे भिंतीला टेकून बसलेले. लेकीच्या नावात आपलं नाव ऐकून ते उभे राहिले, आपल्यालाच बोलावलंय असं वाटून. कुणी तरी त्यांना बसा म्हणालं. ताई व्यासपीठावरून म्हणाल्या, "बसू नका तात्या, या वर." सरांनी घड्याळ बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. तात्या वर आले, प्रमाणपत्र लेकीच्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं आणि पाहुण्यांना विचारलं, "याच्यावर तिला दुकानाचं कर्ज मिळंल का?" पाहुणे बँकेतलेच होते. त्यांना त्या दिवशी भाषणापेक्षा ते उत्तर देणं जड गेलं असावं. ताईंच्या सासूबाईंनी नंतर मला विचारलं, सर्टिफिकेटवर आमचं आडनाव घालता येतं का? मी राजपत्राची रीत सांगितली. ताई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी काही उत्साह दाखवला नाही.

हे सगळं गोड वाटायला लागलंय, म्हणून दुसरी बाजूही सांगते. सगळ्यांची नावं घेतली की सगळे सारखे होतात, आणि ते सगळ्यांना आवडत नाही. अभ्यासिकेतल्या एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, मी पंच्याऐंशी टक्के काढून आणि ते चाळीस टक्के काढून, दोघांना एकच टाळी?" प्रश्न रास्त आहे. त्या मुलाला गावाकडे दाखवायला काहीतरी हवं, केंद्रात पहिला आलो म्हटलं की घरचे अजून एक वर्ष पैसे पाठवतात. आणि जे पास झाले नाहीत, त्यांचं काय? दर वर्षी एक मोठा घोळका असा असतो की पुस्तकं घेतो, दोन-तीन रविवार येतो, आणि मग फोन उचलत नाही. त्यांच्यासाठी कुठलाच समारंभ नाही. एकदा अंगणवाडी सेविका आपल्या एका मैत्रिणीला समारंभाला घेऊन आली. मैत्रिणीचं पहिलंच वर्ष निघालं होतं, पुढचे दोन राहिले. ती चहाच्या वेळी माझ्याशी न बोलता प्लेट्स गोळा करत राहिली. मी बोलायला गेले तर म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. सेविकेला स्वतःला मुख्यसेविकेच्या जागेसाठी पदवी हवी होती, ती तिने पाच वर्षांत मिळवली. मैत्रिणीला कशासाठी हवी होती ते मी विचारलं नाही.

सर्वांत जास्त विरोध झाला तो प्रेसच्या काकांचा. पहिले तीन काढूच नयेत, असं मी एका वर्षी सुचवून बघितलं. काका पहिल्या बाकावरून ताडकन बोलले, "असं करू नका. नंबर काढा. मला यायचंय." आम्हा सगळ्यांना वाटत होतं की या वयात माणूस आनंदासाठी शिकतो, स्पर्धा वगैरे मागे टाकून येतो. ते आपलं आपण ठरवलेलं. काकांनी पहिल्या वर्षापासून अभ्यासिकेतल्या दोन पोरांवर नजर ठेवली होती. त्यांचे गृहपाठ वेळेवर गेले का, हे ते मला विचारायचे, आणि मला वाटायचं काळजीपोटी. त्यांच्या पिशवीत विषयवार वह्या, वह्यांना तपकिरी कव्हर, आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका टाचून ठेवलेल्या. कोणता प्रश्न कधी आला याचं कोष्टक. छापखान्यात एका आकड्याची चूक चालत नाही, ती शिस्त त्यांनी बी.ए.ला लावली होती. नातवंडं त्यांना 'टॉपर' म्हणून चिडवतात, ते त्यांना मनापासून आवडतं.

यंदा काकांचं शेवटचं वर्ष. निकाल लागला, मी गुणपत्रकं उतरत्या क्रमाने लावली. अभ्यासिकेतला एक मुलगा पहिला, काका दुसरे, फरक चार गुणांचा. मुकादमबाईंनी या वेळी समाजशास्त्राला पासष्ट काढलेत आणि चिठ्ठीवर 'परिस्थिती' शब्दही नाही, सरळ दोन पानं लिहून आणली आहेत, कापायला माझं मन होत नाही. फिटरने दादरा-नगर हवेलीकडच्या एका कारखान्यात बदली घेतली, पण येतो म्हणालाय. समारंभ पुढच्या रविवारी आहे. यादी तयार करून मी सूचनाफलकाकडे निघाले होते, तर काका व्हरांड्यात उभे. हातात उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठीचा अर्ज, शुल्क भरल्याची पावती टाचलेली. पहिल्या आलेल्या त्या मुलाने तो अर्ज त्यांना मोबाइलवरून भरून दिला होता, तोही शेजारीच उभा.

"मॅडम," काका म्हणाले, "यादी आत्ताच लावू नका. राज्यशास्त्राच्या पेपरात मला पाच मार्क कमी दिसतायत."